स्टिअरिंग जरा जडच आहे हो!

प्रीमियर पद्मिनी उभी असताना तिचं स्टिअरिंग वळवायला जाणारा नवखा माणूस आधी हँडब्रेक तपासतो. मग खाली उतरून पुढच्या चाकाला कोणी दगड लावून ठेवलाय का, ते बघतो. दगड नसतो. तो परत आत बसतो, बाह्या सरसावतो, ओठ आवळतो आणि कोणी गॅलरीतून बघत नाही ना, याची खात्री करून पुन्हा जोर लावतो. चाक वळतं. वळतं म्हणजे, वळायची आपली तयारी आहे एवढं कळवतं. मग तो मागे रेलून मालकाला म्हणतो, “स्टिअरिंग जरा जडच आहे हो!” जरा म्हणतो, कारण माणूस सभ्य असतो.

मालकाचं उत्तरही ठरलेलं. “सवय झाली की काही वाटत नाही.” हे वाक्य आपल्याकडे पद्मिनीचं स्टिअरिंग, एकत्र कुटुंब आणि मे महिन्यातलं नागपूर या तिन्हींबद्दल बोललं जातं आणि तिन्ही ठिकाणी ते सारखंच खोटं असतं.

ज्यांना ही गाडी फक्त जुन्या सिनेमातली काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडी वंशावळ. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. तिथे इटलीच्या फियाटच्या गाड्या होऊ लागल्या. १९५४ च्या सुमारास जी फियाट ११०० आली, तिच्या गुबगुबीत अंगाकडे बघून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं आणि तरीही ती मिळावी म्हणून नंबर लावले. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर हीच डिलाइट आधी प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. म्हणजे नाव मेवाडच्या राणीचं, सांगाडा इटलीचा, जन्म कुर्ल्याचा आणि स्टिअरिंग मात्र कोल्हापूरच्या तालमीतलं.

इंजिन १०८९ सीसी, वजन नऊशे किलोच्या आसपास, लांबी चार मीटरच्या आत. आजच्या हिशेबाने ही छोटी गाडी झाली. आज दीड टनाची एसयूव्ही एका बोटाने वळवत, दुसऱ्या हाताने कानाला फोन लावून मंडळी सोसायटीच्या गेटातून आत शिरतात. आणि त्याच गेटाशी, त्याहून कितीतरी हलकी पद्मिनी लावताना आमचे एक काका शर्टाचं वरचं बटण काढतात, घड्याळ उतरवून काकूंच्या हातात देतात आणि “सगळे जरा गप्प बसा” असं गाडीत एकट्याच बसलेल्या काकूंना सांगतात.

जडपणाचं मूळ कारण तसं साधं आहे. गाडी चालू असताना टायर पुढे पुढे फिरत असतो, तेव्हा त्याला दिशा बदलायला लावणं सोपं. उभ्या गाडीत मात्र टायरचा जेवढा भाग जमिनीला टेकलेला असतो, तेवढं रबर जागच्या जागी घासत फिरवावं लागतं. त्यात पद्मिनीचं लोखंडी इंजिन नेमकं पुढच्या चाकांच्या डोक्यावर. आता तुमच्या दंडातला जोर त्या रबरापर्यंत कसा जातो, ते बघा. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला आटे पाडलेला वर्म. त्या आट्यांत अडकलेला रोलर. रोलरने हलणारा ड्रॉप आर्म. ड्रॉप आर्मला जोडलेले रॉड, रॉडांच्या टोकांना बॉल जॉइंट, पलीकडच्या अंगाला आयडलर आणि सर्वांत शेवटी किंगपिन, जिच्याभोवती चाक वळतं. वाटेत प्रत्येक जण आपला हिस्सा काढून घेतो. ग्रीस असेल तर थोडा कमी, नसेल तर भरपूर. टायरला जे मिळतं ते यातून उरलेलं.

त्याच काळातल्या बाकीच्या गाड्यांचं असं नव्हतं, हे सांगणारे लोक पद्मिनीवाल्यांना हमखास भेटतात. अ‍ॅम्बेसेडरला रॅक-पिनियन होतं, म्हणजे दांड्याच्या टोकाचं दातेरी चाक थेट दातेरी पट्टी सरकवायचं. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड तर पंचवीस फुटांच्या घेरात वळायची. हेराल्डवाले ही गोष्ट आजही सांगतात. गाडी सुरू होवो न होवो, पंचवीस फूट कायम असतात.

असो. जडपणा हा असा विषय आहे की त्यावर सल्ला द्यायला गाडी यावी लागत नाही. पोट, केस आणि पद्मिनीचं स्टिअरिंग यांवर महाराष्ट्रात उपायांचा कधी तुटवडा पडलेला नाही.

पहिला सल्ला हवेचा. “हवा बघितलीत का?” हे वॉचमन विचारतो, इस्त्रीवाला विचारतो, गाडी पुसायला येणारा मुलगा विचारतो. सल्ला इतका स्वस्त आहे की तो बरोबर असेल असं कोणालाही वाटत नाही. पण बरोबर आहे. हवा कमी असली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारं रबर वाढतं आणि तितकंच घासणंही वाढतं. पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४, म्हणजे चांगला सडपातळ. हल्ली गाडी भारदस्त दिसावी म्हणून लोक त्या जागी रुंद रेडियल घालतात. रेडियलची बाजू लवचीक, तळ चांगला पसरणारा. रस्त्यावर पकड उत्तम, पण उभ्याने वळवायला अधिक त्रास. मग गाडी भारदस्त होते आणि स्टिअरिंग नुसतंच भारी.

माझ्या एका पुतण्याने या शास्त्राचा पुढचा पाठ स्वतःच शोधला. कमी हवेने जड होतं, तर जास्त हवेने हलकं होणार. पंपावरच्या मुलाला “भर, भर अजून” असं सांगत त्याने टायर टणक करून घेतले. स्टिअरिंग खरोखरच हलकं झालं. मात्र परत येताना शनिवार पेठेतल्या प्रत्येक झाकणाची, प्रत्येक चरीची आणि रस्त्यावर पडलेल्या प्रत्येक रिकाम्या पाकिटाची खबर थेट मणक्यात पोचली. गाडीत सोबत असलेल्या आजोबांनी घरी आल्यावर फक्त एवढंच विचारलं, “आपण रस्त्याने आलो ना?” हाताचा भार कमरेवर गेला होता, बाकी काही नाही.

दुसरा सल्ला मेहुण्यांचा. मेहुणे लोक सल्ला देऊन थांबत नाहीत, वस्तू घेऊन येतात. रेसिंगच्या गाडीत असतं तसं छोटं, जाड, तीन आऱ्यांचं, काळ्या चामड्याचं स्टिअरिंग. “हे लावा, गाडी कशी हातात येते बघा.” पद्मिनीला कंपनीने मोठं आणि बारीक स्टिअरिंग दिलं, ते इटालियन माणसाला मोठं वर्तुळ आवडतं म्हणून नव्हे. ते एक तरफ आहे. सोळा इंची चाकाच्या जागी बारा इंची लावलंत, तर तेवढंच काम करायला एक तृतीयांश जोर जास्त लागतो. हा हिशेब सातवीच्या विज्ञानाचा आहे आणि मेहुणे विज्ञान शाखेचे आहेत. पण दिलेली वस्तू परत कशी करणार? ती लावली. गाडी हातात आली, एवढं त्यांचं खरं. फिरायला मात्र तयार नव्हती. पुढे त्या छोट्या स्टिअरिंगची रवानगी माळ्यावर झाली. मेहुणे घरी यायचे असले की ते खाली येतं आणि टीपॉयवर ठेवलं जातं, म्हणजे वापरात आहे असं वाटावं.

तिसरा गट मिस्त्रींचा, आणि इथून विषय खरा रंगतो. पद्मिनीच्या स्टिअरिंगला जडपणाशिवाय आणखी एक गुण असतो, त्याला ‘प्ले’ म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग वळवता आणि चाकांना ती बातमी थोड्या वेळाने कळते. मधल्या काळात स्टिअरिंग इकडेतिकडे मोकळं हलत असतं. जुन्या हिंदी सिनेमातला नायक सरळ रस्त्यावर गाडी चालवताना स्टिअरिंग सतत डावी-उजवीकडे हलवतो आणि आपण त्याला हसतो. त्याच्या गाडीत प्ले असेल, असं आपल्या मनातही येत नाही.

स्टिअरिंग बॉक्सवर एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. तो आवळला की वर्म आणि रोलर एकमेकांच्या जवळ येतात आणि प्ले कमी होतो. पण फार जवळ आले की ते एकमेकांना सोडत नाहीत आणि स्टिअरिंग जड होतं. स्क्रू सैल केला की स्टिअरिंग हलकं, पण गाडी रस्त्यावर स्वतःच्या मताने चालायला लागते. त्यात आणखी मेख अशी की वर्मची झीज मधल्या भागात जास्त होते, कारण माणूस आयुष्यभर बहुतेक सरळच जातो. मधला प्ले काढायला स्क्रू आवळावा, तर टोकाला जिथे वर्म नवा कोरा असतो तिथे रोलर अडकतो. म्हणजे सरळ जाताना स्टिअरिंग छान आणि वळताना गळ्यात.

ही एवढी भानगड असल्यामुळे दर मिस्त्री आधीच्या मिस्त्रीचा स्क्रू फिरवतो. एक म्हणतो, “कोणी आवळला हो हा? बॉक्स खाऊन टाकला.” सैल करतो. पुढचा म्हणतो, “कोणी ढिला केला? गाडी अंगावर येईल कोणाच्या तरी.” आवळतो. दोघंही पैसे घेतात आणि दोघांचंही बरोबर असतं. बॉक्समधल्या तेलाकडे मात्र कोणी बघत नाही. त्यात घट्ट गिअर ऑइल असावं लागतं. पुष्कळ गाड्यांत ते सील फुटून केव्हाच जमिनीवर उतरलेलं असतं आणि मालक त्या डागाकडे बघून ‘इंजिन ऑइल असेल’ म्हणून वर्षं काढतो.

मग अलाइनमेंटवाला. हा सगळ्यांत शास्त्रीय माणूस, कारण त्याच्याकडे संगणक असतो. त्या संगणकात हजार गाड्यांची मापं असतात आणि पद्मिनीचं नसतं. तो कास्टरविषयी बोलतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा थोडा पुढे झुकलेला असतो आणि त्यामुळे हात सोडला तरी सायकल सरळ जाते, तसा गाडीच्या किंगपिनलाही कल दिलेला असतो. कल जास्त, तर गाडी वेगात सरळ राहते, वळणानंतर स्टिअरिंग आपलं आपण परत येतं, पण वळवायला जोर लागतो. कल कमी केला की हलकं होतं. बारीक पत्र्याच्या शिम घालून-काढून हे करता येतं. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी ते करून घेतलं. गाडी गल्लीत फुलासारखी वळू लागली आणि एक्स्प्रेस वेवर लेनची शिस्त विसरली. शिवाय वळण संपलं तरी स्टिअरिंग परत येईना, हाताने आणावं लागायचं. “आधी वळवताना त्रास व्हायचा, आता सरळ करताना होतो,” ते म्हणाले. त्यांच्या मते हा फायदा होता, कारण दोन्ही दंडांना सारखा व्यायाम मिळत होता.

एवढं सगळं झाल्यावर माणूस नाना पेठेत पोचतो. पुण्यात गाडीचे सुटे भाग आणि शेवटची आशा या दोन्ही गोष्टी नाना पेठेत मिळतात. तिथल्या एका गल्लीत जुन्या फियाटचे म्हातारे मिस्त्री बसतात. ते गाडीला हात लावत नाहीत. आधी चहा. मग पोराला हाक. “ए, जॅक लाव पुढून.” पुढची दोन्ही चाकं हवेत गेली की ते एक बोट स्टिअरिंगला लावून फिरवतात आणि स्टिअरिंग फिरतं! मालकाच्या डोळ्यांत पाणी येतं. “झालं की हो हलकं!”

“साहेब, गाडी हवेत आहे,” मिस्त्री सांगतात.

पण ही खरी परीक्षा आहे, आणि स्क्रू फिरवणाऱ्या बाकीच्या मंडळींनी ती केलेली नसते. चाकं हवेत असताना स्टिअरिंग हलकं फिरलं, तर आतली मंडळी ठणठणीत आहेत. दोष हवा, टायर किंवा मालकाच्या दंडात शोधावा. हवेतही जड लागलं, तर ग्रीस, किंगपिन किंवा बॉक्स. मग ड्रॉप आर्मपासून रॉड सोडवायचा. आता नुसतं स्टिअरिंग फिरवून बघायचं आणि नुसती चाकं हाताने ढकलून बघायची. जे अडेल तो गुन्हेगार. इतकी स्वच्छ चौकशी आपल्याकडे फार कमी ठिकाणी होते.

बहुतेक वेळा गुन्हेगार किंगपिन निघते. तिला ग्रीसचे निपल असतात आणि त्यांत ठरावीक अंतराने ग्रीस मारायचं असतं. पूर्वी पेट्रोल पंपावर ग्रीसगन घेतलेला माणूस असायचा, गाडी रॅम्पवर चढवली की तो खालून सगळ्या निपलांना पाहुणचार करायचा. तो माणूस गेला, रॅम्प बुजवला, तिथे कॉफीचं दुकान आलं. निपल मात्र तिथेच आहेत आणि त्यांवर वाळलेल्या मातीचा असा थर आहे की नव्या पोरांना ते निपल आहेत हेच कळत नाही. शिवाय ग्रीस गाडी जमिनीवर असताना मारलं, तर ज्या बाजूवर भार आहे तिथे ते पोचत नाही. पलीकडच्या मोकळ्या बाजूने बाहेर येतं आणि मालकाला वाटतं, काम झालं. चाकं उचलून, स्टिअरिंग दोन्ही अंगांना वळवत मारलं की ते हवं तिथे जातं. जुनं काळं ग्रीस बाहेर येतं, मागून नवं पिवळं. मिस्त्री ते बोटावर घेऊन मालकाला दाखवतात. मालक मान हलवतो. दोघांनाही त्यात कुठल्याही तीर्थयात्रेपेक्षा जास्त समाधान मिळतं.

गाडी खाली उतरते. स्टिअरिंग हलकं झालेलं असतं. म्हणजे मारुतीसारखं नाही. आधी दोन्ही हात आणि खांदे लागायचे, आता दोन्ही हात पुरतात.

मारुतीचं नाव निघालंच आहे, तर पद्मिनीवाल्यांच्या मनात सलणारी ती जखमही उघडी करू. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. ७९६ सीसी, वजन सातशे किलोच्या आत, बारा इंची चिमुकली चाकं, रॅक-पिनियन. पॉवर स्टिअरिंग नाही, तरी ती एका हाताने वळायची. तोवर ‘गाडी चालवता येते’ ही गोष्ट लग्नाच्या स्थळात मुलाच्या बाजूने सांगितली जायची, कारण तिच्यात शरीरसंपदाही गृहीत होती. मारुतीने तो मान काढून घेतला. घरातल्या मुली, आया, मावश्या सफाईने गाड्या लावू लागल्या आणि पद्मिनीवाले म्हणू लागले, “ही कसली गाडी! डबा आहे. खरी गाडी हातात जाणवली पाहिजे.” माझ्या मते पुरुषांच्या ड्रायव्हिंगच्या बढाईचा मोठा भाग हा मुळात किंगपिनमध्ये ग्रीस नसल्याचा परिणाम होता.

आता पॉवर स्टिअरिंग. हा विषय काढणाऱ्याला वाटतं, ही कालची गोष्ट. अमेरिकेत पीअर्स-ॲरो कंपनीत काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अभियंत्याने तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग १९२६ मध्येच गाडीत बसवून दाखवलं होतं. मोटार कंपन्यांना ते आवडलं, खर्च आवडला नाही. सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत ते यायला १९५१ उजाडलं, तेही क्रायस्लर इंपीरियलसारख्या लांबलचक गाडीत. विजेच्या मोटरवर चालणारं पॉवर स्टिअरिंग आलं १९८८ मध्ये, सुझुकीच्या सर्वो या गाडीत. ही सर्वो केवढी? जेमतेम साडेपाचशे सीसीची. जी गाडी दोन माणसांनी उचलून वळवली असती, तिला आधी मदत मिळाली आणि इकडे कुर्ल्यात पद्मिनी दंडांवरच निघत राहिली, थेट २००१ पर्यंत.

तर हल्ली शौकीन लोक काय करतात? विलायतेत भंगारातल्या व्हॉक्सहॉल कोर्साचा विजेचा स्टिअरिंग कॉलम काढतात आणि तो कापून, वेल्डिंग करून आपल्या साठच्या दशकातल्या छोट्या गाडीला बसवतात. मदत किती हवी, ते ठरवायला डॅशबोर्डखाली एक बटण. रेडिओचा आवाज वाढवावा तसं फिरवायचं. आपल्याकडेही भंगारात विजेच्या स्टिअरिंगच्या छोट्या गाड्यांना तोटा नाही. वेल्डिंगला तर नाहीच. आमच्या ओळखीतल्या एका उत्साही इंजिनिअरने पद्मिनीसाठी अशी योजना कागदावर मांडली तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवायला तयार होतो. मग एकेक शंका निघाली.

पहिली शंका गिअरची. जुन्या पद्मिनीचा गिअर असतो स्टिअरिंगच्या दांड्यालाच. त्याचा रॉड त्याच कॉलमच्या बाजूने खाली उतरतो. जिथे मोटर बसवायची, ती जागा गिअरने आधीच अडवलेली. मोटर बसवा, नाहीतर गिअर टाका.

दुसरी शंका विजेची. विजेचं पॉवर स्टिअरिंग उभ्या गाडीत पूर्ण वळवताना तीस-चाळीस अँपिअर सहज ओढतं. जुन्या फियाटला अल्टरनेटर नाही, डायनॅमो. तो भरधाव असतानासुद्धा वीसेक अँपिअरवर दमतो. आणि इंजिन मंद चालत असताना? तेव्हा तो जवळपास काहीच देत नाही. गाडी लावताना इंजिन मंदच चालत असतं. म्हणजे ज्या क्षणी मदत हवी, नेमका त्याच क्षणी डायनॅमो झोपलेला. सगळा भार बॅटरीवर. स्टिअरिंग अलगद वळेल, गाडी झोकात लागेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्का मारून सुरू करावी लागेल. यावर उपाय आहे: अल्टरनेटर बसवा. मग जाड वायर, मग फ्यूज, मग कॉलम, मग गिअर खाली. “एवढं केल्यावर,” काकूंनी विचारलं, “गाडी कुठली म्हणायची?”

तिसरी शंका मला सगळ्यांत पटते. ते रॉड, ते जॉइंट आणि तो जुना बॉक्स माणसाच्या हाताला किती जोर येतो ते धरून बनवलेत. फुटपाथला चाक टेकलं की आपल्या हाताला ते कळतं आणि आपण थांबतो. मोटरला कळत नाही, ती ढकलत राहते. मनगटावर पडणारा भार तेव्हा चाळीस वर्षं झिजलेल्या बॉल जॉइंटवर जातो.

मग कायदा. मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करू नका, ज्यामुळे ती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. आरसी बुकात रंग असतो, आसनं असतात, इंजिन नंबर असतो. स्टिअरिंग हलकं की जड, याचा रकाना नसतो. तरी आधी विचारलेलं बरं. त्यातून २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये. १९७४ ची पद्मिनी आता त्यात बसते. पण मूळ रूपात! कॉलम कापलात तर मूळ रूप गेलं. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं अशा मोजक्या कामांसाठीच बाहेर काढता येते. हा नियम वाचून बरेच पद्मिनीवाले निश्चिंत झाले. त्यांच्या गाडीचं आजवरचं फिरणं यापेक्षा वेगळं नव्हतंच.

या सगळ्या खटाटोपात एका जमातीने कधी तक्रार केली नाही, ती म्हणजे मुंबईचे टॅक्सीवाले. दादर स्टेशनबाहेर, क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत, भुलेश्वरच्या गल्ल्यांत त्यांनी दिवसभर पद्मिनी वळवली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली. हे टॅक्सीवाले काही सगळे पैलवान नव्हते. बरेच जण किरकोळ, एखादे तर सत्तरीचे. त्यांचं गुपित त्यांच्या शेजारी बसलं की दिसायचं. उभ्या गाडीत ते स्टिअरिंगला हातच लावत नसत. क्लच अलगद सोडायचा, गाडी अर्धी वीत पुढे सरकू द्यायची आणि त्या सरकण्यातच हात फिरवायचा. पुन्हा थोडी मागे, मागे जातानाच उलटा हात. टायर गोल फिरत असल्यामुळे रबर घासत नाही आणि निम्म्याहून जास्त जोर वाचतो. एका हाताने, दुसरा हात खिडकीबाहेर, तोंडाने कोणाशी तरी भांडण चालू.

तेव्हा माझा निकाल असा. टायरमध्ये हवा सांगितली आहे तेवढी ठेवावी. चाकं उचलून किंगपिनला ग्रीस मारून घ्यावं. बॉक्समध्ये तेल आहे का ते बघावं आणि स्क्रूला हात लावणाऱ्याला आधी चहा द्यावा, म्हणजे त्याचा हात गुंतलेला राहील. मेहुण्यांचं स्टिअरिंग टीपॉयवर शोभतं, तिथेच असू द्यावं. आणि गाडी हलल्याशिवाय स्टिअरिंग वळवू नये. याने पद्मिनी जेवढी हलकी व्हायची तेवढी होते. त्याहून हलकी हवी असेल, तर दुसरी गाडी घ्यावी. कुठलीही चालेल.

राहता राहिली एक विनंती, ती गाडीवाल्यांना नाही, शेजाऱ्यांना. पद्मिनीच्या पुढे-मागे स्कूटर लावताना दोन-दोन फूट जागा सोडा. सरकायला तेवढी मिळाली तर आमचं आम्ही वळवून घेतो. सोडणार नसाल, तर रात्री साडेअकराला बेल वाजली म्हणून चिडू नका. चप्पल घाला आणि धक्का द्यायला खाली या.